हलकी क्रँक पुली बसवल्यापासून बेल्ट ओरडतो, बॅटरीचा दिवा लागतो, गाडी थरथरते: तपासणी कुठून सुरू करायची

अ‍ॅल्युमिनियमची हलकी क्रँक पुली (क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरची बेल्ट फिरवणारी चाकी) बसवली की सुरुवातीला गाडी मोकळी वाटते. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागला की आरपीएम पटकन चढतो. तक्रारी मागाहून येतात आणि त्या जवळपास ठरलेल्या असतात. बेल्ट बदलला की महिनाभर बरं चालतं, पुन्हा तोच आवाज. बॅटरी बदलली तरी दिवा परत लागतो. मूळ कारण पुलीच्या मापात, तिच्या बसण्यात किंवा तिच्यात जे नाही त्यात असतं, म्हणून बाकीचं काहीही बदललं तरी दुखणं फिरून येतं.

इथं दिलेला क्रम चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. जुनी होंडा सिटी, एस्टीम, स्विफ्ट, पोलो अशा ज्या गाड्यांवर हौसेनं असं काम होतं, त्या डोळ्यासमोर ठेवल्या आहेत. डिझेलचं वेगळं आहे, ते शेवटी येईल.

लक्षणं

- सकाळी पहिल्या स्टार्टला, पावसात किंवा एसी लावल्याबरोबर बेल्ट किंचाळतो आणि थोड्या वेळानं गप्प होतो.
- इंजिनाच्या गतीबरोबर वेग बदलणारी बारीक चिवचिव सतत चालू राहते.
- सिग्नलला उभं असताना हेडलाइट मंद होतात, बॅटरीचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की सगळं ठीक.
- ट्रॅफिकमध्ये एसी गार करत नाही, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो.
- बेल्टच्या कडेचे धागे सुटतात, बेल्ट एक खाच सोडून शेजारच्या खाचेत जातो किंवा उडून पडतो.
- प्रत्येक गिअरमध्ये एकाच आरपीएमला गुणगुण किंवा थरथर येते.
- पुलीमागून ऑइल झिरपतं, टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूला ओल दिसते.
- आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) पुढच्या बाजूनं ‘टक-टक’ आवाज येतो आणि क्लच दाबला किंवा रेस दिली की तो बदलतो.
- चेक इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०३००, पी०३३५ किंवा पी०३३६ दिसतो, म्हणजे मिसफायरचा (सिलिंडर नीट न पेटल्याचा) किंवा क्रँक सेन्सरचा कोड.

ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या.

मूळ पुली काय काय करते

ती बेल्ट फिरवते हे दिसतं. न दिसणारं काम जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक गाड्यांची मूळ पुली दोन तुकड्यांची असते: आत लोखंडी हब, बाहेर जड कडं आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर. प्रत्येक सिलिंडर पेटतो तेव्हा क्रँकशाफ्ट त्या जागी किंचित पिळला जातो आणि लगेच उलटा सुटतो, ओलं फडकं पिळून सोडावं तसा. या पिळाला स्वतःची एक वारंवारता असते. ठिणग्यांचे धक्के त्या वारंवारतेशी जुळले की पीळ वाढत जातो. बाहेरचं कडं रबरावर मागेपुढे हलून हा पीळ खातं आणि त्याची उष्णता करून टाकतं. म्हणून ही नुसती पुली नव्हे, डॅम्पर आहे.

आकडा घेऊन बघू. समजा क्रँकची पिळाची वारंवारता ४०० हर्ट्झ आहे. चार सिलिंडर इंजिनात धक्के मुख्यतः फेरीच्या दुपटीत, चौपटीत, सहापटीत, आठपटीत येतात. ६००० आरपीएमला सेकंदाला १०० फेऱ्या, त्याची चौपट ४००. ४००० आरपीएमला सहापट ४००. ३००० ला आठपट ४००. म्हणजे धोक्याच्या जागा रेडलाइनजवळच असतात असं नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जिथं आपण मिनिटामागून मिनिटं इंजिन ओढतो, तिथंही असतात.

हा पीळ ड्रायव्हरला सीटवर किंवा स्टिअरिंगवर सहसा कळतच नाही. तो क्रँकच्या आतल्या आत घडतो. जी थरथर हाताला लागते ती पुली वेडीवाकडी फिरते, असंतुलित आहे किंवा माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) गेलेत यामुळे असते. त्यामुळे ‘माझ्या गाडीत काहीच व्हायब्रेशन नाही, म्हणजे पुली चांगली’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. आवाजाच्या तक्रारी स्वस्तात सुटतात. ज्या नुकसानाची खरी भीती असते, ते आवाज न करता होतं. खालच्या तपासण्या करताना हे दोन विषय वेगळे ठेवा.

तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

चालू इंजिनाजवळ काम करताना ओढणी, मफलर, सैल बाही, हातातली साखळी काहीही नको. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. बेल्टला हात लावायचा असेल तेव्हा किल्ली काढून खिशात आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सुटलेली.

१. पाण्याची बाटली. खर्च शून्य. इंजिन आयडलवर असताना, आवाज येत असताना, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीनं थोडं पाणी मारा. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर) नको. आवाज काही सेकंद थांबला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत. ही एक मिनिटाची तपासणी न करता बेल्ट घट्ट करत सुटलं तर अल्टरनेटरची आणि वॉटर पंपाची बेअरिंग जातात. बेल्टवर मेण, साबण, पावडर, ‘बेल्ट ड्रेसिंग’ काहीही लावू नका. आवाज दोन दिवस दबतो, खाचांत चिकट थर बसतो आणि त्यात धूळ अडकून बेल्ट लवकर संपतो.

२. व्होल्टेज. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू, सगळं बंद: साधारण १३.८ ते १४.५. आता एसी, ब्लोअर पूर्ण, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा आणि आयडलला बघा. १३ च्या खाली उतरून खालीच राहत असेल तर रेस देऊन २००० आरपीएमला परत बघा. तिथं ठीक दिसलं तर अल्टरनेटर चांगला आहे, त्याला आयडलला पुरेशी गती मिळत नाही. दोन्हीकडे कमी असेल तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटरच गेलाय. बीएस-६ काळातल्या ज्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) अल्टरनेटरला मधूनमधून विश्रांती देतो, त्यांत व्होल्टेज मुद्दाम खालीवर होतं. तिथं एका आकड्यावर निकाल देऊ नका, पूर्ण लोड देऊन बघा.

३. पुलीचा व्यास. ही तपासणी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि आयडलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथं सापडतं. बाजारातल्या अनेक हलक्या पुल्या नुसत्या हलक्या नसतात, मूळपेक्षा लहान असतात. बेल्टवरची यंत्रं हळू फिरावीत आणि तिथं जाणारी शक्ती वाचावी म्हणून. नव्या आणि जुन्या पुलीला खाचांच्या जागी जाड दोरा एक वेढा देऊन मोजा, आलेल्या लांबीला ३.१४ नं भागा.

मूळ पुली १४० मिमी आणि अल्टरनेटरची ५५ मिमी असेल तर ७५० च्या आयडलला अल्टरनेटर साधारण १९०० आरपीएमनं फिरतो. क्रँक पुली १२० मिमी झाली की तोच १६४० च्या आसपास येतो. अल्टरनेटरचं उत्पादन या पट्ट्यात झपाट्यानं घसरतं. गती १४ टक्के उतरली की करंट त्याहून बराच जास्त उतरतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप बेल्टवर असतील तर तेही त्याच प्रमाणात मंदावतात. मोकळ्या रस्त्यावर हे कळत नाही. मे महिन्यात सायन-पनवेलवर किंवा हिंजवडीच्या रांगेत तासभर उभं राहिलं की कळतं. पुली लहान असेल आणि तक्रार फक्त आयडलची असेल, तर पुढं काही उघडू नका. मूळ व्यासाची पुली लावणं हाच उपाय.

४. बेल्टची लांबी. बेल्टच्या पाठीवर ६पीके१२०० असं काही छापलेलं असतं: ६ म्हणजे खाचांची संख्या, १२०० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. क्रँक पुलीचा व्यास २० मिमीनं घटला आणि बेल्ट तिच्याभोवती साधारण अर्धा वेढा घेत असेल तर बेल्ट जवळपास ३० मिमीनं लांब पडतो. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा स्प्रिंगचा भाग) ती ढील काही काळ खातो, मग त्याचा हात शेवटच्या टोकाला टेकतो. टेन्शनरवर बहुधा खूण आणि मर्यादेच्या रेषा असतात, टॉर्चनं बघा. खूण मर्यादेबाहेर असेल तर टेन्शनर बदलू नका, बेल्ट एक माप लहान घ्या. हातानं ताण द्यायची व्यवस्था असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली ढील घ्या, अंगठ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

५. खाचा आणि पृष्ठभाग. बेल्ट काढल्यावर पुलीच्या खाचांवरून बोट फिरवा. बोटाला करडी-काळी भुकटी लागली आणि खाचांची टोकं धारदार लागली तर अ‍ॅल्युमिनियम झिजतंय. वर कठीण अ‍ॅनोडायझिंग (धातूवर चढवलेला टणक थर) नसलेली पुली आपल्याकडच्या धुळीत किसणीसारखी बेल्ट खाते. नुसता रंगीत मुलामा म्हणजे कठीण अ‍ॅनोडायझिंग नव्हे. लाल-निळ्या चकचकीत पुल्यांवर बहुतेक वेळा शोभेचाच थर असतो. अशी पुली दुरुस्त होत नाही.

६. सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का. पोलादी फूटपट्टी किंवा सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून शेजारच्या पुलीपर्यंत न्या. पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असू शकते, म्हणून मोजायचं ते खाचेपासून खाचेपर्यंत. ३०० मिमी अंतरात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. स्वस्त पुलीत हबची खोली चुकलेली असते आणि पुली एक-दोन मिमी पुढं किंवा मागं बसते. मागं वॉशर घालून हे जमवायचं नाही. त्या वॉशरमुळे बोल्टची पकड आणि हबचा आधार दोन्ही बदलतात.

७. इंजिन माउंट. थरथरीची तक्रार असेल तरच. बॉनेट उघडा ठेवा, मदतनीस ब्रेक दाबून डी किंवा पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडेल. गाडीच्या समोर कोणी उभं राहू नये, बाजूनं बघा. इंजिन उडी मारत असेल तर आधी माउंट बदला. फाटलेल्या माउंटची थरथर पुलीच्या माथी मारून पुली काढल्यावर थरथर तशीच राहते.

८. पुली आउट, म्हणजे वेडीवाकडी, फिरते का. पुलीच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि आयडलला बाजूनं बघा. डोळ्याला डोल दिसत असेल तर मोजायचीही गरज नाही. डोळ्याला कळत नसेल तर मॅग्नेटच्या स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा) लावा, स्पार्क प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्रँक हातानं फिरवा. फिरवायची दिशा इंजिनाची नेहमीचीच. १९९८ ते २००३ च्या होंडा सिटीचं इंजिन पुलीच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, हे लक्षात ठेवा. सवयीनं उजवीकडे फिरवू नका.

परिघावर आणि तोंडावर दोन्हीकडे मोजा. चांगल्या मशीनवर केलेली पुली ०.१ मिमीच्या आसपास दाखवते, ०.२५ च्या पुढं गेली तर ती काढायची. तोंडावर मोजताना एक फसगत होते. क्रँकला पुढंमागं थोडी मोकळीक असते, साधारण ०.१ ते ०.३ मिमी, आणि ती गेजमध्ये मिसळते. क्रँक एका बाजूला दाबून धरून मग वाचा, नाहीतर चांगली पुली वाईट ठरेल.

आउट सापडलं तर पुली वाकडी आहे की क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, वाकडं, हे पुली काढून नाकावर गेज लावल्याशिवाय कळत नाही.

९. मूळ पुली परत बसवून बघा. जपून ठेवली असेल तर हा सगळ्यात खात्रीचा निकाल आहे. आधी तिचं रबर तपासा: भेगा, बाहेर आलेलं रबर, हब आणि कडं यांच्यामधली एकसारखी नसलेली फट. हबपासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवस चालवल्यावर रेघ तुटून सरकली असेल तर कडं रबरावर घसरतंय आणि हा डॅम्परही बाद. अशा पुलीवर टायमिंगची खूणही खोटी दाखवते, मग टायमिंग लाइटनं कितीही जुळवा, चुकीचंच जुळतं. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत रबर दगड झालेलं असतं. तिथं नवी मूळ पुलीच घ्यावी.

चेक इंजिनाचा दिवा लागत असेल तर याच वेळी पुलीच्या मागं बघा. काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दात पुलीवर किंवा तिच्या मागच्या चकतीवर असतात. हलक्या पुलीत ते दात अर्ध्या अंशानं चुकले किंवा सेन्सरपासूनचं अंतर वाढलं तर ईसीयूला मिसफायर दिसतो. कॉइल आणि प्लग बदलण्यात पैसे घालू नका.

१०. बोल्ट आणि चावी (पुली आणि क्रँकच्या खाचांत बसणारा पोलादी तुकडा). इथून काम अवघड होतं, कारण पुली काढताना आणि बसवतानाच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

क्रँक बोल्ट फार घट्ट असतो. पान्याला पाइप लावून तो जमिनीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा, ही पद्धत अनेक गॅरेजांत चालते. ती करू देऊ नका. पाना सुटला तर हात जातो. होंडाच्या बऱ्याच मूळ पुल्यांना मध्ये ५० मिमीचा षटकोन असतो, त्यात धरायचं हत्यार बसतं. हलक्या पुलीत तो षटकोन बहुधा नसतो, म्हणून तिला पट्ट्याच्या पान्यानं धरावं लागतं. बेल्टच्या खाचांत पाइप पाना लावला की पुली गेली. पुली निघत नसेल तर पुलर हबच्या भोकांत लावायचा. बाहेरच्या कड्याला लावला तर रबर तुटतं. मागून स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर अ‍ॅल्युमिनियमचं टायमिंग कव्हर फुटतं.

निघाल्यावर बघायच्या गोष्टी: चावीच्या कडा चपट्या झाल्यात का, क्रँकमधली खाच रुंदावलीय का, पुलीच्या भोकात लाल-तपकिरी भुकटी आहे का. ती भुकटी म्हणजे पुली नाकावर सूक्ष्म हलत होती. टक-टक आवाजाचं मूळ हेच.

अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये हे जास्त का होतं, त्याचं साधं गणित आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ३० मिमीचं नाक आणि ८० अंशांची वाढ धरली तर पुलीचं भोक नाकापेक्षा सुमारे ०.०२६ मिमीनं जास्त उघडतं. शिवाय बोल्टच्या वॉशरखालचं मऊ अ‍ॅल्युमिनियम गरम असताना दाबलं जातं आणि गार झाल्यावर पकड कमी होते. पकड कमी झाली की सगळा भार चावीवर येतो, आणि चावी फक्त पुली कुठल्या कोनात बसवायची हे ठरवायला असते, भार ओढायला नसते. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये क्रँकचं नाक आखूड होतं. तिथं बोल्ट ढिला पडून खाच झिजण्याचं दुखणं मूळ पोलादी भागांवरही प्रसिद्ध आहे. म्हणून हबमध्ये पोलादी बुश दाबून बसवलेली पुली नुसत्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा केव्हाही बरी.

बसवताना: नाक आणि भोक पुसून कोरडं करा, चावी नवी घाला. मॅन्युअलमध्ये बोल्ट ताणला जाणारा, म्हणजे टॉर्कनंतर अंशांत फिरवायचा असेल, तर बोल्ट नवाच हवा. आटे कोरडे ठेवायचे की ऑइल लावायचं हे मॅन्युअल सांगतं. कोरड्याचा टॉर्क ऑइल लावलेल्या आट्यांना दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. शेवटचं घट्ट करणं टॉर्क पान्यानंच. एअर गननं बोल्ट काढा हवा तर, पण घट्ट करू नका.

११. पुढचं ऑइल सील. बऱ्याच इंजिनांत सीलचं ओठ थेट पुलीच्या हबवर चालतं. मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ते काही हजार किलोमीटरमध्ये वर्तुळाकार खाच पाडतं. नखाला ती खाच लागली तर नवं सील टाकूनही गळती परत येणार. गळतं ऑइल बेल्टवर पडतं आणि पहिल्या क्रमांकाची तक्रार पुन्हा सुरू होते, म्हणून गळती असताना नवा बेल्ट घालू नका.

इथं थांबा

पुढच्या बाबतीत घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात प्रयत्न करू नका. इंजिन उघडणाऱ्या अनुभवी माणसाकडे, मोजमापाची साधनं असलेल्या ठिकाणी गाडी टो करून न्या.

- ऑइलचा दिवा लागला किंवा ऑइलमध्ये चमकती भुकटी दिसली. क्रँकच्या नाकावरून थेट फिरणाऱ्या ऑइल पंपाचे गिअर पिळाच्या धक्क्यांनी तडकू शकतात. निसान आरबी२६ (स्कायलाइन जीटी-आरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन) मध्ये हे ठाऊक दुखणं आहे. आर३२ स्कायलाइनच्या क्रँकवर पंपाला पकडणारी जागा अरुंद होती आणि पुढं ती रुंद केली गेली. पंप तुटला की बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही.
- क्रँकमधली चावीची खाच रुंदावली आहे. तिथं वेल्डिंग करून, पत्रा घालून किंवा लॉक लावायचा द्रव ओतून दिवस काढू नका.
- क्रँकच्या नाकावरच गेज ०.०५ मिमीच्या वर दाखवतं.
- क्रँकला चावीच नाही. फोर्डच्या अनेक इंजिनांत पुली आणि टायमिंगचा गिअर एकाच बोल्टच्या दाबानं धरलेले असतात. बोल्ट ढिला केला की टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आपटू शकतात. क्रँक आणि कॅम अडकवायच्या पिना असतील तरच तो बोल्ट हलवायचा.
- बोल्टचं डोकं तुटलं किंवा आटे गेले.
- टक-टक आवाज पुली बदलूनही राहिला. तो आता बेअरिंगचा असू शकतो.

ठेवायची की काढायची

आवाज थांबला, व्होल्टेज आलं, तरी हा प्रश्न उरतोच. फायदा मोजून बघू.

पुलीत दोन किलो वजन वाचलं आणि ते मध्यापासून सरासरी ५ सेंटिमीटरवर होतं असं धरू. पहिला गिअर ३.५, फायनल ४.१, चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर. हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये गाडी सुमारे १२ किलोनं हलकी झाल्यासारखी पळते. तिसऱ्यात (१.३६) दोन किलोपेक्षाही कमी. पाचव्यात एक किलोही नाही. हजार किलोच्या गाडीत पहिल्या गिअरचा फायदा एक टक्क्याच्या आसपास आणि पुढं जवळजवळ काहीच नाही.

आणि डायनोवर (शक्ती मोजायच्या यंत्रावर) दाखवतात ते पाच-सात हॉर्सपॉवर? इंजिन दहा सेकंदांत २००० वरून ६५०० ला जात असेल तर इतक्या वजनाच्या बचतीतून ६००० आरपीएमला सुमारे १५० वॉट मिळतात, म्हणजे एक पंचमांश हॉर्सपॉवर. त्याहून जास्त जे दिसतं ते लहान व्यासामुळे अल्टरनेटर, पंप आणि कॉम्प्रेसर हळू फिरवून मिळालेलं असतं, आणि त्याची किंमत आपण सिग्नलला उभं राहून मोजतो. न्यूट्रलमध्ये आरपीएम झटकन चढतो हे खरं आहे, टाच मारून डाउनशिफ्ट करणाऱ्याला ते आवडतंही. पण तोच गुण हवा असेल तर फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) बघा: मध्यापासून १० सेंटिमीटरवरचे तीन किलो काढले तर या पुलीच्या सहापट परिणाम होतो आणि डॅम्पर जागेवर राहतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि आयडल थोडं खडबडीत होतं, हे धरून चाला.

मग निर्णय असा. तुमच्या गाडीची मूळ पुली एकसंध असेल, मध्ये रबरच नसेल, तर त्याच व्यासाची, पोलादी बुश असलेली, नीट संतुलित हलकी पुली लावायला फारशी हरकत नाही. तिथं तुम्ही डॅम्पर काढत नाही. मूळ पुलीत रबर असेल तर ती काढू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रोक लांब असेल, टर्बो लावला असेल, बूस्ट वाढवला असेल किंवा रेडलाइन वर नेली असेल तर अजिबात नाही, कारण धक्का वाढवायचा आणि तो खाणारा भाग काढायचा ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँक लांब असतो, पिळाची वारंवारता खाली येते, तिथं विचारही नको. काही जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत तर इंजिनाचं संतुलन साधणारं वजनच डॅम्परमध्ये ओतलेलं असतं. तिथं साधी गोल पुली लावणं म्हणजे इंजिन असंतुलित करणं.

ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला मूळ रबर पुरत नसेल तर सिलिकॉनचा दाट द्रव भरलेले किंवा रबरी ओ-रिंगांवरचे रेसिंग डॅम्पर मिळतात. घेताना एसएफआय १८.१ हे प्रमाणन बघा. ते हलके नसतात आणि हलके असण्यासाठी बनवलेलेही नाहीत.

डिझेलवर हलकी पुली नको. कॉमन रेल डिझेलमध्ये सिलिंडरचा दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून पीळही जास्त; त्या पुलीतला डॅम्पर तिथं आणखी गरजेचा असतो. डिझेल गाडीत बेल्ट फडफडत असेल तर क्रँक पुलीआधी अल्टरनेटरची एकाच दिशेनं धरणारी पुली तपासा. बेल्ट काढून ती हातानं फिरवा: एका बाजूला अल्टरनेटरला घेऊन फिरली पाहिजे, दुसऱ्या बाजूला मोकळी. दोन्हीकडे धरत असेल किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर तीच बदला.

पुली बदलल्यानंतर शंभर किलोमीटरवर बेल्टची रेषा, टेन्शनरची खूण आणि पुलीमागची ओल परत बघा. हबपासून बोल्टच्या डोक्यापर्यंत रंगाची रेघ ओढून ठेवली असेल तर बोल्ट सरकला का ते टॉर्चच्या उजेडात दिसतं. सरकला असेल तर तोच बोल्ट पुन्हा आवळू नका. पुली काढा, चावी आणि खाच बघा आणि नवा बोल्ट घाला. काढलेली मूळ पुली रबराला ऑइल न लावता, उन्हापासून दूर, आडवी ठेवा.